शंभर चौरस मीटरचा तळमजला: एका आराखड्याचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंब पाच जणांचे आहे. पती-पत्नी, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि पतीची ७१ वर्षांची आई. त्यांचा प्लॉट १२ मीटर रुंद आणि २० मीटर खोल होता. रस्ता पूर्वेला होता आणि मागे, पश्चिमेला, थोडी बाग करता येण्याजोगी जागा होती. नियमांप्रमाणे पुढे ५ मीटर, मागे ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर जागा सोडल्यावर बांधकामासाठी ९ गुणिले १२ मीटरचा आयत उरत होता. बाहेरच्या भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या धरल्या, तर आत ८.६ गुणिले ११.६, म्हणजे जवळपास १०० चौरस मीटर जागा मिळणार होती. पती-पत्नीची आणि मुलांची निजण्याची खोली वरच्या मजल्यावर असेल हे आधीच ठरले होते. प्रश्न फक्त तळमजल्याचा होता. कुटुंब आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ खोल्यांची यादी होती आणि चौकटीच्या वहीत स्वतः काढलेला एक नकाशाही होता.

यादीत तेरा बाबी होत्या. बैठकीची खोली २०, घरच्या माणसांसाठी दुसरी बैठक १८, जेवणाची जागा १४, स्वयंपाकघर १२, कोठी ४, धुण्याची जागा ५, आजींची खोली १४, तिला जोडून न्हाणीघर ४.५, पाहुण्यांची खोली १२, एक वेगळे शौचालय २, घरून काम करण्याची खोली ९, जिना ९ आणि प्रवेशाची जागा ४ चौरस मीटर. या आकड्यांची बेरीज १२७.५ होते. शिवाय आतल्या भिंती आणि जाण्यायेण्याच्या वाटा यांसाठी साधारणपणे आणखी १० ते १५ टक्के जागा धरावी लागते, आणि यादीत त्यांचा उल्लेखही नव्हता. खोल्यांची यादी करताना वाट ही गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण वाटेला नाव नसते आणि तिच्यात मांडायला सामान नसते.

वहीतल्या नकाशात मात्र या तेराही बाबी बसल्या होत्या. प्रत्येक खोली थोडी आखडून आणि वाटा पूर्णपणे काढून टाकून हे गणित जुळवले होते. आम्ही त्यांच्यासमोर त्याच नकाशावर शिसपेन्सिलीने रेघा ओढल्या: मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, स्वयंपाकघरापासून आजींच्या खोलीपर्यंत, जिन्यापासून शौचालयापर्यंत, धुण्याच्या जागेपासून जिन्यापर्यंत. या चार रेघा ओढून झाल्यावर घरच्या बैठकीत कोचासाठी जागाच राहिली नाही. त्या १८ चौरस मीटरच्या खोलीला चार दारे होती, आणि चारही दारांमधून जाणारी माणसे खोली कोपऱ्यातून कोपऱ्यात कापत होती. दार भिंतीतली आपल्या रुंदीइतकीच जागा घेते असे वाटते, पण त्याच्या पुढची निदान मीटरभर जमीन मोकळी ठेवावी लागते आणि समोरच्या दारापर्यंतचा पट्टाही त्यातच जातो. चार दारांच्या खोलीत बसण्याजोगा कोपरा क्वचितच उरतो. नकाशात ती खोली दिसत होती, प्रत्यक्षात तो चौक झाला असता.

दिवसाची नोंद

नवा नकाशा काढण्याआधी आम्ही कुटुंबाला एक आठवडा नोंद ठेवायला सांगितले. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात घरातील कोण, कोणत्या खोलीत, काय करत आहे हे दर तासाला एका ओळीत लिहायचे होते. हे काम मुलीने घेतले आणि अपेक्षेपेक्षा काटेकोरपणे केले. आजी दुपारी झोपल्या आहेत की डोळे मिटून रेडिओ ऐकत आहेत, इतका भेदही तिच्या नोंदीत होता.

त्या आठवड्याने यादीतील बऱ्याच बाबींचा निकाल लावला. राहत्या घरातील बाहेरची बैठक सात दिवसांत दोनदाच वापरली गेली होती, आणि त्यातल्या एका वेळी तिथे फक्त कपड्यांच्या घड्या घातल्या गेल्या. जेवणाचे टेबल मात्र दिवसातून नऊ-दहा तास कोणी ना कोणी धरलेले असे. मुलगा तिथेच अभ्यास करी, आई तिथेच लॅपटॉप उघडून बसे, आजी तिथेच वर्तमानपत्र वाचत. संध्याकाळी सात वाजता तिघेही एकाच टेबलाभोवती असत आणि तिघांनाही एकमेकांचा त्रास होई, कारण आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणाऱ्या आईचे फोन नेमके त्याच वेळी येत. पाहुणे मुक्कामाला येत तेव्हा ती घरून काम करत नसे, कारण ते बहुतेक सुट्टीच्या दिवशीच येत. पाहुण्यांची खोली आणि कामाची खोली एकाच वेळी लागत नाहीत, हे त्यांना त्या नोंदीतून पहिल्यांदा दिसले.

त्यानुसार दोन बैठकींची एक बैठक झाली. काम आणि पाहुणे यांच्यासाठी मिळून दार बंद करता येईल अशी एकच खोली ठरली. जेवणाची जागा बैठकीपेक्षा मोठी करायचे ठरले. कोठी रद्द करून तिच्याऐवजी स्वयंपाकघरात जमिनीपासून छतापर्यंतचे कपाट घेतले. बैठक लहान होण्याला पतीचा विरोध होता आणि तो अखेरपर्यंत पूर्ण मावळला नाही. चार माणसे आली तर घर लहान दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर एवढाच मध्यम मार्ग निघाला, की बैठक आणि जेवण यांच्यात भिंत घालायची नाही, म्हणजे माणसे जास्त झाली तर दोन्ही जागा मिळून ३१ चौरस मीटरचे एक दालन होईल.

जिना

माझ्या अनुभवात तळमजल्याचा नकाशा जिन्यापासून सुरू करावा. खोली थोडी सरकवता येते, लहान-मोठी करता येते. जिन्याला मात्र आपली लांबी, रुंदी आणि डोक्यावरची उंची लागतेच आणि तो दोन्ही मजल्यांवर एकाच जागी असावा लागतो.

वहीतल्या नकाशात जिना होता, पण तो उरलेल्या जागेत कोंबलेला होता. एका मजल्याच्या जमिनीपासून वरच्या मजल्याच्या जमिनीपर्यंतची उंची ३.१५ मीटर होती. ती १५ चढांत विभागली होती, म्हणजे प्रत्येक पायरी २१ सेंटीमीटर उंच, आणि पाय ठेवण्याची जागा फक्त २३ सेंटीमीटर. फ्रान्सचे वास्तुकार फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात मांडलेला एक आडाखा आजही उपयोगी पडतो: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची खोली यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाइतकी असावी. आज ती बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटीमीटरच्या दरम्यान धरतात. येथे ती ६५ येत होती. एका सेंटीमीटरने काय बिघडते, असे वाटू शकते. पण खरा दोष उंचीत होता. २१ सेंटीमीटरची पायरी तरुण माणूस न जाणवता चढतो आणि ज्याचा गुडघा दुखतो तो प्रत्येक पायरीला मोजतो. शिवाय उतरताना २३ सेंटीमीटरच्या पायरीवर मोठ्या माणसाचे पाऊल पूर्ण टेकत नाही.

आम्ही १८ चढ घेतले, प्रत्येकी १७.५ सेंटीमीटरचे. पाय ठेवायला २७ सेंटीमीटर. बेरीज ६२. जिना मधल्या टप्प्यावर वळणारा ठेवला, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ चढ. नऊ चढांत सपाट पायऱ्या आठच येतात, कारण नववा चढ टप्प्यावरच नेतो; म्हणून एका बाजूची लांबी २.१६ मीटर, त्यात एक मीटरचा टप्पा, एकूण ३.१६ मीटर. मूळ नकाशातल्या जिन्याची लांबी २.५१ मीटर होती. सगळी चढाओढ या ६५ सेंटीमीटरसाठी होती, आणि ते मिळवण्यासाठी बैठक तेवढी कमी करावी लागली.

मूळ नकाशात जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली शौचालय दाखवले होते. ही कल्पना इतक्या घरांच्या नकाशात दिसते, की तिचे गणित एकदा मांडून दाखवणे योग्य ठरेल. टप्पा आठव्या चढावर होता. आठ गुणिले २१ म्हणजे १.६८ मीटर. त्यातून टप्प्याच्या स्लॅबची १५ सेंटीमीटर जाडी वजा करा, उरतात १.५३ मीटर. नव्या जिन्यात टप्पा आणखी खाली, १.५७५ मीटरवर आला, म्हणजे खाली उरते फक्त १.४२५ मीटर. तिथे उभे राहता येत नाही. जमीन अर्धा-पाऊण मीटर खाली घेऊन उंची मिळवावी, अशी सूचना पतीने केली. उंची तशी मिळते खरी, पण मग शौचालयाचा पाइप बाहेरच्या चेंबरच्याही खाली जातो आणि पाणी उलट दिशेने येण्याची भीती कायमची घरात राहते. अखेर टप्प्याखाली झाडू, सुटकेस आणि वीज गेल्यावर लागणारी बॅटरी यांची जागा झाली.

जिन्याचे तोंड कोठे असावे, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. आईला मुले वर जाताना-येताना दिसायला हवी होती, म्हणून तिला जिना बैठकीतून हवा होता. पतीला उद्या वरचा मजला स्वतंत्र करता यावा, म्हणून जिना प्रवेशाजवळ हवा होता. दोघांचेही म्हणणे रास्त होते. अंतिम नकाशात जिना घराच्या उजव्या पट्ट्यात आडवा आहे. प्रवेशाची जागा ओलांडली की १.७ मीटर रुंदीची मोकळी वाट लागते आणि पहिली पायरी त्या वाटेकडे तोंड करून आहे. जेवणाच्या टेबलाच्या एका ठराविक खुर्चीवरून ती पायरी दिसते. पुढे कधी वरचा मजला वेगळा करायचा झाला, तर त्या वाटेत एक दार बसवले की पुरे. त्या जागी वर तुळई आणि बाजूला भिंतीचे कोपरे आधीच ठेवले आहेत.

आजींची खोली

या बाबतीत पहिली चूक आमची होती. पहिल्या आराखड्यात आम्ही आजींची खोली मागच्या कोपऱ्यात, बागेच्या बाजूला दाखवली. रस्त्याचा आवाज नाही, झाडे दिसतील, दुपारी निवांत झोप मिळेल, असा विचार त्यामागे होता. तो नकाशा सर्वांना आवडला. आजींना तेव्हा कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या बैठकीला त्या स्वतः आल्या, नकाशावर बोट ठेवून आपली खोली शोधली आणि म्हणाल्या, “शांतता मला पुष्कळ झाली आता. दारात कोण आलं, मुलं किती वाजता परतली, हे मला पडल्या पडल्या दिसायला हवं.”

त्या एका वाक्याने घराचा डावा पट्टा उलटा झाला. आजींची खोली पुढे आली, ३.५ गुणिले ४ मीटरची, पूर्वेच्या खिडकीची. सकाळचे कोवळे ऊन त्या खिडकीतून येते आणि मुख्य दाराकडे येणारी वाट खिडकीसमोरूनच जाते. खिडकीची खालची कड जमिनीपासून ९० ऐवजी ६० सेंटीमीटरवर घेतली, कारण पलंगावर उशीला टेकून बसलेल्या माणसाला ९० सेंटीमीटरच्या कडेवरून फक्त आकाश दिसते.

आजींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या वॉकर घेऊन चालत. आज वॉकर आहे, उद्या चाकाची खुर्ची लागू शकते, हे मनात धरून तिच्यासाठी लागणारी मापे आताच घेतली. खोलीच्या दाराला १ मीटरची चौकट ठेवली. दोन्ही बाजूंची लाकडे आणि उघड्या फळीची जाडी वजा जाता तिच्यातून निव्वळ ८३ सेंटीमीटर वाट मिळते. चाकाच्या खुर्चीला निदान ८० लागतात. खोलीला जोडलेले न्हाणीघर २ गुणिले २.५ मीटरचे आहे, म्हणजे आत १.५ मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे राहते आणि खुर्ची जागच्या जागी वळते. त्याचे दार भिंतीलगत सरकणारे आहे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर बाहेरच्याला दार उघडता येत नाही, या एका कारणासाठी आम्ही वृद्धांच्या न्हाणीघराला आत उघडणारे दार कधीच देत नाही. कमोडच्या बाजूची आणि अंघोळीच्या जागेची भिंत भरीव विटांची ठेवली, कारण आधाराची दांडी अंगाचे पूर्ण वजन घेते आणि पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीत तिचे स्क्रू सैल होतात. दांडी आता बसवली नसती तरी भिंत आताच ठरवावी लागली असती.

घरात शिरण्याचा प्रश्न याहून अवघड निघाला. कुटुंबाला जोते ६० सेंटीमीटर उंच हवे होते. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र असू नये, या हिशोबाने त्याला ७.२ मीटर लांबीचा उतार लागला असता आणि तो पुढच्या जागेत कसाही बसत नव्हता. रस्ता प्लॉटपेक्षा खाली होता, पाणी साचण्याचा धोका नव्हता, म्हणून जोते ४५ सेंटीमीटरवर आणले. तरीही ५.४ मीटर लागत होते. मग उताराचे दोन भाग केले. डाव्या फाटकापासून घराकडे येणारी ३ मीटरची फरसबंदी १ ला २० इतकी हळुवार चढवली; ती चढण आहे हे चालताना कळतही नाही, पण तेवढ्यात १५ सेंटीमीटर निघून जातात. पुढे सपाट वळण आणि घराच्या दर्शनी भिंतीला समांतर ३.६ मीटरचा १ ला १२ उतार, उरलेल्या ३० सेंटीमीटरसाठी. हाच उतार आजींच्या खिडकीखालून जातो. पुढच्या मोकळ्या जागेच्या उजव्या टोकाला गाडी उभी राहते. अडीच गुणिले पाच मीटर एवढी जागा तिला पुरते.

पाणी एका बाजूला

वहीतल्या नकाशात पाण्याच्या जागा घराच्या तीन कोपऱ्यांत विखुरल्या होत्या. कागदावर त्याचे काही वाटत नाही. मैलापाण्याच्या १० सेंटीमीटर व्यासाच्या पाइपला १ ला ४० उतार दिला, तर दर मीटरला तो अडीच सेंटीमीटर खाली जातो. घराला वळसा घालून आलेली २४-२५ मीटरची लाइन शेवटी ६० सेंटीमीटरहून अधिक खोल जाते, प्रत्येक वळणावर एक चेंबर लागतो आणि तुंबण्याची जागा बहुधा वळणावरच असते.

अंतिम नकाशात डाव्या पट्ट्यात पुढून मागे आजींची खोली, न्हाणीघर, धुण्याची जागा आणि स्वयंपाकघर अशी ओळ आहे. न्हाणीघराशेजारी, आतल्या बाजूला, पाहुण्यांसाठी छोटे शौचालय आहे. त्याचे दार जेवणाच्या जागेकडे न उघडता जिन्याजवळच्या बोळात उघडते. सगळे पाणी डाव्या भिंतीतून बाहेर पडते आणि बाजूच्या दीड मीटर जागेतून एका सरळ रेषेत रस्त्याकडे जाते. वरच्या मजल्याची न्हाणीघरेही याच पट्ट्यावर घेतली. निजण्याच्या किंवा जेवणाच्या जागेवर वरचे न्हाणीघर आले, तर कधी ना कधी छताला ओल दिसते, आणि गळती कुठून आहे हे शोधण्यासाठी खालचे छत फोडावे लागते.

जमिनीवर आखणी

नकाशा कागदावर पक्का झाल्यावर आम्ही तो प्लॉटवर पूर्ण मापात आखला. जमीन सपाट करून घेतली, दोऱ्या ताणल्या आणि फक्कीने भिंती ओढल्या, दारांच्या जागी रेघ तोडली. टेबलाऐवजी एक फळी, फ्रिजऐवजी पुठ्ठ्याचे खोके, पलंगाऐवजी सतरंजी. मग कुटुंबाला सांगितले, की सकाळी उठल्यापासून करता तसे सर्व करून दाखवा, आणि फक्कीची रेघ ओलांडायची नाही.

पहिली पाच मिनिटे सगळे हसत होते. मुलगा भिंतीतून पळाला म्हणून बहिणीने त्याला परत पाठवले. मग हळूहळू घर दिसायला लागले. आजी वॉकर घेऊन सतरंजीपासून न्हाणीघरापर्यंत गेल्या, पावले मोजली, आठ भरली. “रात्री आठ फार होतात,” त्या म्हणाल्या. पलंगाची बाजू बदलली आणि पाच झाली. सूनबाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि मुलाला फ्रिज उघडायला सांगितले; तो त्यांच्या आणि शेगडीच्या मधून गेला. फ्रिज आतल्या भिंतीला होता. त्याच क्षणी पुठ्ठ्याचे खोके उचलून जेवणाच्या जागेकडच्या तोंडाशी ठेवले. नकाशावर तो बदल दोन सेंटीमीटरचा होता, पण तो न होता तर दिवसातून वीस वेळा कोणीतरी गरम भांड्याजवळून गेले असते.

स्वयंपाकघर ३.५ गुणिले ३.४ मीटरचे आहे आणि ते लहान पडेल, ही भीती तोपर्यंत कोणाच्या मनातून गेली नव्हती. मोठ्या स्वयंपाकघराचा हव्यास मला नेहमीच कोड्यात टाकतो. ऑस्ट्रियाच्या वास्तुकार मार्गारेट शुटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर सुमारे १.९ गुणिले ३.४ मीटरचे होते, आणि त्यामागे पावले मोजण्याचाच विचार होता. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ८ मीटरमध्ये असावी, असा पुढे रूढ झालेला नियमही तेच सांगतो. आखणीवर आम्ही दोरीने मोजले तेव्हा बेरीज ५.६ मीटर भरली. या नियमात एकच माणूस काम करतो असे गृहीत आहे, हे मात्र खरे. या घरात संध्याकाळी दोघे असतात, म्हणून सिंकच्या दुसऱ्या बाजूला निदान ९० सेंटीमीटरचा मोकळा ओटा राखला, म्हणजे एकाने चिरावे आणि दुसऱ्याने धुवावे आणि कोपर कोपराला लागू नये.

जेवणाच्या टेबलाभोवतीची जागाही त्याच दिवशी ठरली. १.८ गुणिले ०.९ मीटरची फळी ठेवली आणि प्रत्येक जण बसला. बसलेल्या माणसाच्या मागून दुसऱ्याला जायचे असेल, तर टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत ९० सेंटीमीटर तरी लागतात. एका बाजूला ते मिळाले आणि दुसऱ्या बाजूला १.६ मीटर उरले. तिथे भिंतीलगत लांब अभ्यासाचा ओटा करावा, ही सूचना मुलीची.

पश्चिमेचे ऊन

बाग मागे, जेवणाची जागा मागे, म्हणून तिथे ३ मीटर रुंद काचेचे दार हवे, ही कुटुंबाची पहिल्यापासूनची इच्छा होती. पण दिवस उतरताना सूर्य पश्चिमेला खाली आलेला असतो आणि वरच्या छज्जाला तो अडत नाही. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना ९० सेंटीमीटर बाहेर आलेला छज्जा खिडकीवर फक्त ३३ सेंटीमीटर सावली पाडतो. छज्जा अडीच मीटरचा केला तरी सावली ९० सेंटीमीटरच्या आसपासच राहते. अशा उन्हाला उभे काहीतरी आडवे यावे लागते, मग ते झाड असो वा झडप. दार १.८ मीटरवर आणले, बाहेरून सरकणाऱ्या पट्ट्यांच्या झडपा लावल्या आणि कमी झालेला उजेड उजव्या भिंतीतल्या मोठ्या खिडकीने भरून काढला. त्या खिडकीसमोर, घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराची खिडकी येते, त्यामुळे वारा आरपार जातो. वारा उलटा असला की फोडणीचा वास बैठकीत येतो, आणि त्याला शेगडीवरच्या पंख्याखेरीज उपाय नाही.

राहायला गेल्यावर

कुटुंब राहायला गेल्यानंतर वर्षभराने आम्ही त्या घरी गेलो. पुढच्या उजव्या बाजूच्या कामाच्या खोलीला दार असल्याने संध्याकाळचे फोन तिथे होतात आणि टेबल मुलांचे झाले आहे. पाहुणे चार-पाचदा मुक्कामाला आले, तेव्हा कामाचे टेबल भिंतीला मुडपून ठेवले गेले. बैठकीचा लहानपणा पतीला अजून खुपतो. गेल्या वर्षात एकदाच माणसे मावली नाहीत असे झाले, पण तो दिवस त्यांच्या लक्षात राहिला आहे.

दोन गोष्टी चुकल्या. कामाच्या खोलीचे दार कोणत्या बाजूला उघडावे हे बांधकामाच्या वेळी बदलले आणि दिव्यांची बटणे मूळ जागीच राहिली. आता दार उघडले की बटणे फळीमागे जातात आणि अंधारात दार अर्धे लोटून हात आत घालावा लागतो.

दुसरी चूक धुण्याच्या जागेची, आणि ती आमची. ती जागा १.४ मीटर रुंद आहे. कपडे धुण्याचे मशीन ६० सेंटीमीटर खोल, म्हणजे समोर ८० सेंटीमीटर उरतात, आणि नकाशावर ते पुरेसे वाटले. मशीनचे गोल दार बाहेर उघडते आणि कपडे काढणारे माणूस त्याच्यापुढे वाकलेले असते, हे आम्ही मोजलेच नाही. फक्कीच्या आखणीत त्या भागाला फक्त रेघा होत्या. मशीनच्या जागी खोके ठेवायचे राहून गेले. स्वयंपाकघरातून तीस सेंटीमीटर घेतले असते तर भागले असते, कारण तिथला ओटा तेवढे सहज देऊ शकत होता. आता मशीन रिकामे होत असताना ज्याला मागच्या अंगणात जायचे असते, त्याला जेवणाच्या जागेतल्या काचेच्या दाराकडून वळसा घालावा लागतो.